मुळशी : कातळ, माती आणि पाणी

सह्याद्रीविषयी मराठीत विपुल लेखन झाले आहे. पोवाड्यांपासून गिरिभ्रमणाच्या आजच्या पुस्तकांपर्यंत या लेखनाची एक सवय मात्र कायम राहिली आहे. ते नेहमी वर पाहते. कडा, शिखर, बुरूज आणि माची ही त्याची आवडती स्थळे आहेत. खोऱ्याच्या तळाशी काय पिकत होते, तेथील माणसे कोठे गेली, या प्रश्नांकडे ते क्वचितच वळते. पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्याच्या बाबतीत या सवयीचे परिणाम विशेष ठळकपणे दिसतात. येथे माथ्यावरचे किल्ले शाबूत आहेत आणि त्यांचा इतिहासही थोडाफार लिहिला गेला आहे. तळाशी असलेले खोरे मात्र पाण्याखाली गेले आणि त्या पाण्यालाच आज आपण मुळशीचे निसर्गसौंदर्य म्हणतो. हे कसे घडले हे समजून घ्यायचे तर आरंभ राजकारणापासून नव्हे, दगडापासून करावा लागतो.

मुळशीचा दगड काळा आहे. भूशास्त्रज्ञ त्याला बेसॉल्ट म्हणतात. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनमध्ये जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हारस बाहेर आला आणि एकावर एक थर साचत गेले. आज या थरांचा विस्तार सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भरतो, आणि पश्चिम घाटाच्या बाजूला त्यांची जाडी सर्वाधिक आहे. या रचनेला दख्खन ट्रॅप असे नाव आहे. ‘ट्रॅप’ हा शब्द जिन्याच्या पायऱ्यांसाठी असलेल्या स्वीडिश शब्दावरून आला. ताम्हिणी घाटातून समोरच्या डोंगराकडे पाहिले असता हे नाव किती सार्थ आहे ते ध्यानात येते. कठीण, एकसंध थराचा उभा कडा, त्याखाली सच्छिद्र आणि ठिसूळ थराचा उतार, पुन्हा कडा, पुन्हा उतार, असा हा जिना कोकणात उतरत जातो. दोन प्रवाहांच्या मध्ये काही ठिकाणी तांबड्या मातीचा पातळ पट्टा दिसतो. एक प्रवाह थंड होऊन दुसरा येईपर्यंत जो काळ गेला, त्या काळात खडकाचा वरचा भाग झिजला आणि त्याची माती झाली. पुढच्या लाव्ह्याने ती भाजून काढली. त्या तांबड्या रेघेत विश्रांतीची हजारो वर्षे दडलेली असतात.

या दगडाचे दोन गुण पुढील इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. पहिला, जेथे भेगा नाहीत तेथे तो पाणी आत शिरू देत नाही. दुसरा, तो झिजून होणारी माती उतारावर टिकत नाही. ताम्हिणीचा परिसर महाराष्ट्रातील सर्वाधिक पावसाच्या प्रदेशांपैकी आहे. चार महिन्यांचा हा पाऊस वरची माती धुऊन नेतो, आणि ती साचते ती खोऱ्याच्या तळाशी. म्हणजे डोंगर जितका भव्य, तितकी त्याच्या अंगावरची माती कमी. कातळाच्या प्रदेशात माती हीच खरी संपत्ती असते, आणि ती एकाच जागी असते.

येथे एका दूरच्या प्रदेशाची आठवण उपयोगी पडेल. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळ अ‍ॅरन नावाची तीन बेटे आहेत. विद्यापीठीय अभ्यासक्रमामुळे जॉन सिंगच्या ‘रायडर्स टू द सी’ या नाटकाशी आपल्याकडील साहित्याचे विद्यार्थी परिचित असतात. त्या नाटकाचे जग याच बेटांवरचे आहे. सिंग १८९८ मध्ये तेथे प्रथम गेला आणि ‘द अ‍ॅरन आयलंड्स’ हे त्याचे पुस्तक १९०७ मध्ये निघाले. ही बेटे चुनखडकाची आहेत. उबदार, उथळ समुद्राच्या तळाशी जीवांचे सांगाडे साचून ३० कोटींहून अधिक वर्षांपूर्वी तो खडक घडला. पावसाच्या पाण्यात चुनखडक विरघळतो. त्यामुळे तेथे जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आहेत आणि पडलेला पाऊस त्यांतून आत निघून जातो. भरपूर पाऊस पडणाऱ्या बेटावर पाण्याची वानवा, असा हा प्रकार. आपल्याकडे पाणी दगडावरून वाहून जाते, तेथे ते दगडात मुरते. मातीच्या बाबतीत मात्र दोन्ही प्रदेशांतील माणसाची अडचण एकच होती. बेटावरच्या लोकांनी उघड्या खडकावर वाळू आणि समुद्रातील शेवाळ पाठीवरून वाहून आणून पसरले, आणि अशा पिढ्यान्‌पिढ्यांच्या कष्टांतून शेते निर्माण केली. दगडी कुंपणांनी ती वाऱ्यापासून राखली. तेथील ‘दून अँगस’ हा प्राचीन दगडी किल्ला कड्याच्या अगदी टोकावर उभा आहे आणि हजारो पर्यटक तो पाहायला जातात. परंतु त्या बेटांच्या वारशाची गोष्ट सांगताना किल्ल्याबरोबरच हाताने केलेल्या मातीचाही उल्लेख होतो. आपल्याकडे तो होत नाही, आणि प्रस्तुत लेखाचे प्रयोजन हेच आहे.

मुळशीच्या मावळ्यानेही मातीच केली होती. निळा आणि मुळा या नद्यांच्या खोऱ्यांत ओहोळांना आडवे बांध घालून, वाहून येणारा गाळ अडवून, त्याने पायरीपायरीने भाताची खाचरे रचली. खाचर एका वर्षात होत नाही. बांध घालावा, पावसाने तो फोडावा, पुन्हा घालावा, असे एकदोन पिढ्या चालल्यावर खाचरात पीक धरण्याजोगी माती जमते. या खाचरांत आंबेमोहोर पिकत असे. मुळशीच्या आंबेमोहोराचा लौकिक आजही टिकून आहे. खाचरांच्या वर उतारावरची वरकस जमीन होती. तेथे नाचणी आणि वरई होत. त्याहून वर रान, आणि रानात देवराई. पेरणीपूर्वी पालापाचोळा, फांद्या आणि शेण जमिनीवर पसरून राब भाजायचा, त्यावर भाताचे रोप तयार करायचे आणि मग खाचरात लावणी करायची, या पद्धतीत रान, गोठा आणि शेत एकमेकांना बांधलेले होते. डोंगराचा जिना असा माथ्यापासून तळापर्यंत वापरात होता. देवरायांविषयी माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटात केलेला अभ्यास सर्वश्रुत आहे. श्रद्धेने राखलेल्या त्या तुकड्यांत मूळ जंगलाचे अवशेष उरले आहेत, हे त्यांनी दाखवून दिले.

या जिन्याच्या वरच्या पायऱ्यांवर सत्तेचा आणि व्यापाराचा इतिहास आहे. कोकणातील बंदरे आणि देश यांना जोडणाऱ्या वाटा याच कड्यांतून चढत. तैलबैलाच्या दोन प्रचंड पाषाणभिंतींच्या परिसरातून सवाष्णी आणि वाघजाई या घाटवाटा खाली उतरतात. खाली ठाणाळे येथे बौद्ध लेण्यांचा मोठा समूह आहे. वाटेवर लेणे, आणि वाटेच्या माथ्यावर किल्ला, ही सह्याद्रीची परिचित मांडणी येथेही दिसते. घनगड, कोरीगड, कैलासगड हे किल्ले या वाटांचे पहारेकरी होत. कोरीगड १६५७ मध्ये शिवाजी महाराजांच्या स्वराज्यात आला. त्याची तटबंदी आजही जवळजवळ सलग आहे आणि माथ्यावर दोन तळी आहेत. उंच डोंगरावर तळे टिकते याचे श्रेय पुन्हा दगडालाच आहे. एकसंध कातळात खोदलेले टाके गळत नाही, आणि टाक्यातून निघालेला दगड तटाला उपयोगी पडतो. चुनखडकाच्या डोंगरावर हे इतक्या सहज साधले नसते. मार्च १८१८ मध्ये कर्नल प्रॉथरने कोरीगडाला वेढा घातला. तोफेचा गोळा दारूकोठारावर पडून स्फोट झाला आणि किल्ला इंग्रजांच्या हाती गेला. मोसे खोऱ्याचे देशमुख बाजी पासलकर हे याच मुलखातले. ज्या मावळ्यांच्या बळावर हे किल्ले लढले, ते मावळे खालच्या खाचरांतून वर आले होते आणि मोहीम संपली की खाचरांकडेच परतत होते. किल्ल्याचा इतिहास लिहिताना ही खालची बाजू आपण गृहीत धरतो आणि मग विसरतो.

विसाव्या शतकाच्या आरंभी या भूगोलाकडे वेगळ्या नजरेने पाहणारी माणसे आली. भरपूर पाऊस, पाणी न शोषणारा खडक, घाटमाथ्यावर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांच्या आसपासची खोरी, आणि त्यांच्या पश्चिमेला कोकणात सरळ कोसळणारा कडा. वीजनिर्मितीसाठी याहून सोयीची जागा मिळणे कठीण. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. १९११ मध्ये लोणावळ्याच्या योजनेची पायाभरणी झाली आणि १९१५ मध्ये खोपोलीचे वीजघर सुरू झाले. १९२२ मध्ये भिवपुरीचे वीजघर आले. निळा-मुळा खोऱ्यासाठी १९१९ मध्ये टाटा पॉवर कंपनी स्थापन झाली. योजना साधी होती. दोन नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधायचे, पूर्वेकडे वाहणारे पाणी अडवायचे आणि बोगद्यातून व नळांतून पश्चिमेला सुमारे पाचशे मीटर खाली भिऱ्याच्या वीजघरावर सोडायचे. दगडी बांधकामाचे हे धरण सुमारे दीड किलोमीटर लांब आणि सुमारे ४९ मीटर उंच आहे. जलाशयाच्या क्षेत्रात सुमारे ५० गावे येत होती, आणि बाधित होणाऱ्या माणसांची संख्या दहा-अकरा हजारांच्या घरात होती.

या योजनेविरुद्धचा मुळशी सत्याग्रह १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी सुरू झाला. भूसंपादनाची रीतसर कारवाई पूर्ण होण्याआधीच शेतांत चर खणले जाऊ लागल्याने असंतोष पेटला होता. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट यांनी लढ्याचे नेतृत्व केले, आणि बापटांना ‘सेनापती’ ही पदवी याच लढ्याने दिली. शेकडो मावळे बांधकामाच्या जागेवर जाऊन बसले आणि काम काही काळ थांबले. गांधीजींनी त्याच महिन्यात ‘यंग इंडिया’त लिहून मावळ्यांना सहानुभूती दर्शवली. पुढे काम पुन्हा सुरू झाले आणि अटकसत्रही. ‘काळ’कर्ते शिवराम महादेव परांजपे आणि शंकरराव देव यांनी या सत्याग्रहात तुरुंगवास भोगला. हळूहळू चळवळ क्षीण झाली. बापटांनी अखेरच्या टप्प्यात बांधकामाची आगगाडी अडविण्यापर्यंत मजल मारली आणि दीर्घ मुदतीची शिक्षा पत्करली. ते १९३१ मध्ये सुटले. तोपर्यंत, १९२७ मध्येच, धरण पूर्ण होऊन भिऱ्याची वीज मुंबईला पोहोचली होती.

राजेंद्र व्होरा यांनी ‘मुळशी सत्याग्रह’ हे पुस्तक १९९४ मध्ये लिहिले आणि पुढे २००९ मध्ये त्यांच्या इंग्रजी पुस्तकाने या लढ्याला जगातील पहिली धरणविरोधी चळवळ म्हटले. त्यांच्या विवेचनातून जी गुंतागुंत पुढे येते ती गौरवगाथेत बसणारी नाही. जमिनी कसणारे मावळे आणि जमिनींचे कागदोपत्री मालक हे अनेक ठिकाणी वेगवेगळे होते. कर्जापायी बरीच जमीन पुण्यातील सावकारांच्या नावे झाली होती, आणि सावकाराला जमिनीपेक्षा मोबदला अधिक रुचणारा होता. पुण्याच्या पुढाऱ्यांपुढेही पेच होता. स्वदेशी भांडवलावर उभा राहणारा, देशाला वीज देणारा उद्योग एका बाजूला, आणि परक्या सरकारच्या कायद्याने उठवला जाणारा शेतकरी दुसऱ्या बाजूला. यांपैकी राष्ट्राच्या बाजूचा कोण? शंभर वर्षांनंतरही हा प्रश्न आपल्याला सोडवता आलेला नाही. प्रत्येक नव्या प्रकल्पाच्या वेळी तो नव्याने उभा राहतो.

या वादात एक गोष्ट हिशेबात धरली गेली नाही, आणि ती दगडाशी संबंधित आहे. मोबदला क्षेत्रफळावर आणि सारा-आकारणीवर मोजला जातो. परंतु कातळाच्या प्रदेशात तळाचा एकर आणि उताराचा एकर हे एकाच जातीचे नसतात. धरणाने नेमका जिन्याचा तळ घेतला. जे काठावर वर सरकले, त्यांच्याकडे वरकस उरली आणि खाचर गेले. राब भाजायला उतार होता, रोप लावायला शेत नव्हते. माथ्यापासून तळापर्यंत जोडलेली व्यवस्था मध्येच तोडली गेली, आणि उरलेला अर्धा भाग स्वतःच्या बळावर उभा राहू शकत नव्हता. पिढ्यांनी अडवलेल्या मातीची किंमत कोणत्या दराने लावणार? अ‍ॅरनच्या शेतकऱ्याने पाठीवरून वाहिलेले शेवाळ जसे बाजारभावाने मोजता येत नाही, तसेच हे आहे. मावळ्यांचा हट्ट भावनिक होता असे त्या काळी म्हटले गेले आणि आजही म्हटले जाते. त्या हट्टामागे आपल्या भूगोलाचे अचूक ज्ञान होते, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

आता करमणुकीकडे वळू. पावसाळ्यातील शनिवार-रविवारी पौड रस्त्याने पश्चिमेकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग लागते. ताम्हिणीचे धबधबे, प्लस व्हॅली, देवकुंड, तैलबैलाचे प्रस्तरारोहण, कोरीगडाची सोपी चढण, जलाशयाच्या काठची विश्रामगृहे अशी या पर्यटनाची यादी लांब आहे. अपघात वाढल्यामुळे पावसाळ्यात प्रशासनाला काही स्थळांवर मनाईचे आदेश काढावे लागतात. या पर्यटनाला नाके मुरडण्याचे कारण नाही. आपल्या डोंगरांत जाण्याची ओढ ही चांगलीच गोष्ट आहे, आणि काठावरच्या अनेक घरांची चूल आता तिच्यावर पेटते. तरीही ज्या दोन वाटांवर ही गर्दी सर्वाधिक आनंद लुटते, त्यांचा इतिहास तिला ठाऊक असावा.

पहिली वाट अंधारबनाची. पिंपरी गावाजवळून सुरू होणारी ही घनदाट रानातील वाट अखेर भिऱ्याला उतरते. म्हणजे चालणारा माणूस वरून खाली तेच अंतर कापतो, जे अडवलेले पाणी बोगद्यातून आणि नळांतून कापते. दुसरी वाट पाण्याची आहे. कोलाडजवळ कुंडलिका नदीत फुगवलेल्या होड्यांतून प्रवाहावर स्वार होण्याचा खेळ वर्षभर चालतो. उन्हाळ्यात कोकणातील नद्या आटत असताना या एका नदीला वेगवान पाणी कोठून येते, हा प्रश्न विचारला तर उत्तर भिऱ्याच्या वीजघरापर्यंत जाते. जनित्रे फिरवून बाहेर पडलेले ते पाणी आहे. ज्या पाण्याने मुळेतून पुण्याला, भीमेतून पंढरपूरला आणि कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जायचे, ते रोह्यावरून अरबी समुद्राला मिळते. कोकणातल्या कालव्यांना आणि कारखान्यांनाही त्याचा लाभ होतो. बुडालेल्या खाचरांचे पाणी आज वीज, शेती, उद्योग आणि खेळ अशा चार रूपांत वापरले जाते. एका खोऱ्याने केवढे दिले, याची मोजदाद यातून व्हावी.

आणि हे देणे एकदाच घडून थांबले नाही. मोसे खोऱ्यात वरसगाव धरणाच्या काठावर लवासा हे डोंगरी शहर उभे राहू लागले. २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने त्याचे काम थांबवण्याची नोटीस काढली आणि २०१८ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. कोरीगडाच्या पायथ्याशी अँबी व्हॅलीची वसाहत आहे. गडाच्या तटावरून खाली पाहिले की तिची घरे आणि कृत्रिम तळी दिसतात. १९२१ मध्ये जमीन विजेसाठी हवी होती, आता ती दृश्यासाठी हवी आहे. उतारावरची जी वरकस पूर्वी कोणाला नको होती, तिलाच आता सर्वाधिक भाव आहे, कारण तिथून पाणी दिसते.

वारशाच्या अधिकृत याद्यांत मुळशीचे स्थान काय? २०१२ मध्ये पश्चिम घाटातील ३९ स्थळे युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. महाराष्ट्रातून कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी यांचा समावेश झाला. २०१३ मध्ये ताम्हिणी अभयारण्य घोषित झाले आणि तेथील शेकरूला संरक्षण मिळाले. २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेश या नावाने १२ किल्ले जागतिक वारसा ठरले. त्यांत शेजारचा लोहगड आहे, मुळशीचा एकही किल्ला नाही. याचे वैषम्य वाटण्याचे कारण नाही, कारण कोणत्याही यादीला मर्यादा असतात. पण निसर्ग एका यादीत आणि किल्ले दुसऱ्या यादीत अशी वाटणी झाली की, निसर्ग आणि माणूस यांच्या सहवासातून घडलेली जी वस्तू, म्हणजे खाचर, तिला कोणत्याच यादीत जागा उरत नाही. तट हा वारसा आणि बांध हा केवळ बांध, ही आपली विभागणी तपासून पाहण्यासारखी आहे. दोन्ही त्याच दगडाचे आहेत आणि बहुधा त्याच हातांनी रचलेले आहेत. तटाने काही पिढ्या सत्ता राखली, बांधाने माती राखली.

साहित्याच्या अभ्यासकांना आणखी एक प्रश्न पडावा. अ‍ॅरनला सिंग भेटला आणि त्या बेटांवरच्या सामान्य माणसाची बोली जागतिक रंगभूमीवर गेली. मुळशीच्या लढ्यात तर परांजप्यांसारखे मराठी गद्याचे एक श्रेष्ठ शिल्पकार तुरुंगात गेले, सेनापती बापट स्वतः कवी होते, भुस्कुट्यांनी लढ्याचा वृत्तान्त लिहिला. तरीही बुडालेल्या खोऱ्यातील स्त्री-पुरुषांचा आवाज आपल्या ललित साहित्यात ठळकपणे उमटला नाही. लढ्याविषयीचे लेखन नेत्यांभोवती आणि तत्त्वांभोवती फिरत राहिले. कोणत्या गावाची वेस कोठे होती, कोणत्या खाचरात कोणते भात पिकत होते, जत्रा कोणत्या देवाची होती, ही माहिती काठावरच्या वृद्धांच्या बोलण्यात थोडीफार शिल्लक आहे. तालुक्यातील आणि पुण्यातील महाविद्यालयांच्या मराठी व इतिहास विभागांना हे काम सहज करता येण्याजोगे आहे. त्यासाठी मोठ्या निधीची गरज नाही, ध्वनिमुद्रण करणारे आणि ऐकून घेणारे विद्यार्थी हवेत.

हे काम आता का करायचे, यालाही कारण आहे. २०२७ मध्ये मुळशी धरणाला शंभर वर्षे पूर्ण होतील. पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या वाढत्या वस्तीसाठी मुळशीचे पाणी पूर्वेकडे वळवावे, ही मागणी गेली काही वर्षे होत आहे. वीज विरुद्ध पिण्याचे पाणी, मुंबई विरुद्ध पुणे, कोकण विरुद्ध देश, असा तो वाद रंगेल. दोन्ही बाजू पाण्यावर हक्क सांगतील. त्या वादात पाण्याखालच्या जमिनीचा उल्लेख कोणी करायचा असेल तर त्यासाठी निदान तिच्या गावांची नावे आपल्याला ठाऊक हवीत. धरणाकाठच्या विसाव्याच्या जागी, जेथे गाड्या थांबतात आणि छायाचित्रे घेतली जातात, तेथे त्या सर्व गावांची नावे कोरलेली एक काळ्या दगडाची शिळा उभी करणे अशक्य नाही. दगड तर तेथे मुबलक आहे.